आवडीचे दोन गडी

ओढ्यातला गोटा पायाखाली कलला तसा रविकांतनं पलीकडच्या खडकावर हात टेकला आणि उडी मारली. बुटात पाणी शिरायचं ते शिरलंच. त्यानं मागं वळून पाहिलं. जयतीर्थ अजून ओढ्याच्या मधोमध उभा होता, दोन्ही हात पसरून, कुठल्या दगडावर पाय ठेवावा याचा विचार करत.

"डावीकडचा घे. काळा नको, शेवाळ आहे त्याच्यावर."

"मज ठाऊक आहे," जयतीर्थ म्हणाला आणि नेमका काळ्या दगडावर पाय ठेवला. घसरला, सावरला, गुडघ्यापर्यंत भिजून काठावर आला. "पाहिलास? आलों."

रविकांतला हसू आलं. ऐकायचं म्हणून नाही, ही त्याची जित्याची खोड. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात दोघं एकाच शेडमध्ये, एकाच पाळीत राबले, तेव्हाही तो असाच होता.

नागलापुरमचे हे डोंगर चेन्नईहून दोन-अडीच तासांच्या वाटेवर, आंध्राच्या हद्दीत. शहरातल्या कंपन्यांमधल्या तरण्या पोरापोरींनी इथं जंगलातली मॅरेथॉन ठरवली होती. वाट कसली, नुसत्या पायवाटा, खडक, ओढे, आणि चुकू नये म्हणून झाडांना बांधलेल्या पिवळ्या फिती. पहाटे सुटताना दीडेकशे जण होते. त्यांत साठीला टेकलेले हे दोघेच. ऊन वर यायच्या आत बाकीचे सगळे पुढं निघून गेले आणि रानात यांच्या धापांखेरीज काही ऐकू येईना.

नावनोंदणी रविकांतनं परस्पर केली होती, दोघांची. महिनाअखेरीला तो निवृत्त होणार होता. क्वार्टर सोडायची, सामान ट्रकमध्ये घालायचं आणि आवडीला कायमचा रामराम करून आपल्या गावी, वाईला जायचं, असं ठरून वर्ष झालं होतं. वाईत त्यानं दोन खोल्यांचा फ्लॅटही घेऊन ठेवला होता. जाण्याआधी एकदा डांबरी सडक सोडून डोंगरात पळायचं, जयतीर्थबरोबर, एवढीच त्याची इच्छा होती. जयतीर्थला सांगितलं तर तो म्हणाला, "सरि."

वाईला जातोय हे सांगितलं होतं तेव्हाही तो एवढंच म्हणाला होता. सरि. तमिळात याचा अर्थ बरं, ठीक आहे. इतक्या वर्षांची मैत्री, आणि त्याला नुसतं बरं. रविकांतला ते लागलं होतं. वर्षभर तो वाट पाहत होता, की आज बोलेल, उद्या बोलेल. पण जयतीर्थ रोज सकाळी ठरल्या वेळी क्वार्टरच्या फाटकाशी यायचा, तळ्यापर्यंत पळायचा, स्टेशनबाहेर उभ्यानं कॉफी प्यायचा, आणि गप्पा मारायचा त्या आपल्या साखरेच्या, पावसाच्या, वाढत चाललेल्या गाड्यांच्या.

चढाच्या पायथ्याशी एक ताडपत्री बांधलेली होती. तिच्याखाली सावनी नावाची मुलगी केळी आणि लिंबूपाणी घेऊन बसली होती. मूळची पुण्याची, नोकरीला चेन्नईत.

"काका, आता सगळा चढ आहे. वरच्या देवळाशी तीनच्या आत पोचलात तरच पुढं सोडतील. नाहीतर जीपनं खाली."

"पोहोंचूं," जयतीर्थ म्हणाला. "तूं दोन केळीं मज दे, एक त्यास दे."

सावनी हसली. "किती गोड मराठी आहे हो तुमची."

"गोड नव्हे. जुनी."

खरंच जुनी होती. रविकांत आवडीला नवा आला तेव्हा बाजारात कांदे मागताना त्याचं घोडं अडलं होतं. हातवारे करून करून तो घामाघूम झाला, भाजीवाली हसायला लागली, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "आपण मऱ्हाठे कां?" परमुलखात आपली भाषा कानावर पडली की काय होतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. रविकांतच्या डोळ्यांत पाणीच आलं होतं. तो जयतीर्थ. तंजावरकडचा. पूर्वज मराठा राजांबरोबर खाली आले ते तिकडचेच झाले. यानं महाराष्ट्र नुसता नकाशात पाहिलेला. त्यानं कांदे घेऊन दिले आणि रविकांतला तसाच घरी नेला. अंबुजेनं, त्याच्या बायकोनं, पानावर वाढता वाढता विचारलं, "तुज तिखट चालतें कां?" रविकांतला निम्मं कळलं, निम्मं नाही, पण तो पोटभर जेवला. ओळख झाली ती अशी. पुढं डॉक्टरनं जयतीर्थला साखरेचा धाक घातला तेव्हा रविकांतनंच त्याला ओढून पळायला काढलं.

चढ खडा होता. दोघं पळण्याचं सोडून चालायलाच लागले. सपाटी आली की चार पावलं धावायची, पुन्हा चालायचं. वाळल्या गवताचा वास सुटला होता. त्या वासानं रविकांतला पसरणीचा घाट आठवला. शाळेत असताना तो आणि थोरला भाऊ उजाडता उजाडता घाट चढून जायचे, पायांत चप्पल नाही, खिशात भाजलेले शेंगदाणे. वरून कृष्णा दिसायची, घाटावरची देवळं दिसायची. भाऊ ओरडायचा, पोचला तो राजा. किती सुखाचे दिवस होते ते. आठवणीच्या भरात त्याच्या पायांत जोर आला आणि तो वळणापुढं निघून गेला.

"रवि, राहा."

मागून हाक आली. रविकांत थबकला.

"राहा रे," जयतीर्थ पुन्हा म्हणाला. आवाजात धाप होती, आणि कळवळाही होता, निदान रविकांतला तरी तसं वाटलं.

तो वळला. जयतीर्थ खाली दहा-बारा पावलांवर एका खडकाला टेकून उभा होता. रविकांतच्या छातीत वर्षभराचं जे साठलं होतं ते एकदम वर आलं.

"आत्ता म्हणतोस?" तो म्हणाला. "वर्ष झालं तुला सांगून. तेव्हा तोंडात काय गुळणी धरली होतीस? आता ट्रक ठरला, भांडीकुंडी बांधून झाली, आणि आता राहा?"

जयतीर्थ काहीतरी बोलायला गेला.

"थांब, मला बोलू दे. तुला काय वाटलं, मी हौसेनं चाललोय? दिवाळीत गेलो होतो वाईला. किराणा दुकानात मालकाशी बोलताना माझ्या तोंडून 'आमा' निघून गेलं, हो म्हणायच्या ऐवजी. तो लगेच हिंदीत बोलायला लागला माझ्याशी. माझ्या गावात! मी म्हटलं, अहो, मी इथलाच. तर हसला. सकाळी घाटात पळायला गेलो, तर लोक गाड्या थांबवून विचारायचे, काका, काय झालं, कुणी मागं लागलंय का? भाऊ गेला. बरोबरीचे कोण पुण्याला, कोण मुंबईला. नदीवर जाऊन बसलो तर एक माणूस ओळखीचा नाही."

त्यानं कपाळाचा घाम पुसला, पुसायचं दुसरंच काही होतं.

"मग जातोस कशाला, असं म्हणशील. जातो, कारण चारचौघांत सांगून बसलो. निरोपसमारंभाचे हार ठरले. अलकनंदा नको नको म्हणत होती, रुचा म्हणत होती, बाबा, आम्ही सगळे इथं आणि तुम्ही तिथं काय करणार. मी ऐकलं नाही. एक घाव दोन तुकडे. आता कुठल्या तोंडानं मागं फिरू? बायकोला, पोरीला काय, त्यांनी म्हणायचंच असतं. पण तू एकदा म्हणाला असतास ना, जयतीर्थ, एकदा जरी म्हणाला असतास, तर..."

रानात कुठंतरी सातभाई कलकलत होते. जयतीर्थ त्याच्याकडे पाहत राहिला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काही भलतंच होतं, चूक हातून घडल्यासारखं.

"रवि," तो हळू म्हणाला, "माझी नाडी सुटली."

"काय?"

त्यानं खडकावर ठेवलेला पाय दाखवला. बुटाची नाडी लोंबत होती.

"नाडी सुटली, म्हणून राहा म्हणलों. पुढें जाऊं नको, उभा राहा, म्हणून."

रविकांत आ वासून पाहत राहिला. थांब हा शब्द जयतीर्थच्या घरी कुणी वापरतच नाही. सुटत्या बसला हात करून राहा, पळत्या पोराला राहा, दारात आलेल्या पोस्टमनला राहा. रविकांतनं हे हजारदा ऐकलं होतं. आज मात्र कानांनी त्यांना हवं तेच ऐकलं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं. साठी आली, आणि मित्राच्या बुटाच्या नाडीपुढं मन मोकळं करून बसलो.

"हां," तो म्हणाला. "बांध मग."

तो पाठ फिरवून दरीकडे पाहायला लागला. खाली ओढा दिसत होता, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. जयतीर्थ वाकला. त्यानं नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. दुसऱ्या बुटाची घट्ट होती, तीही सोडून बांधली. एवढा वेळ कुणाला लागत नाही.

"झालं का? तीन वाजतील."

"झालें."

दोघं पुन्हा चढायला लागले. रविकांत मुद्दाम पुढं चालत होता, तोंड दिसू नये म्हणून. फितीमागून फिती गेल्या. झाडी विरळ झाली आणि वर देवळाची पांढरी भिंत दिसायला लागली, तेव्हा मागून हाक आली.

"रविकांत."

जयतीर्थनं त्याला उभ्या आयुष्यात पुऱ्या नावानं हाक मारली नव्हती. रविकांत वळला.

"तू जाऊ नकोस," जयतीर्थ म्हणाला.

एकेक अक्षर जुळवून म्हणाला. 'नकोस'मधला स नीट उच्चारला. रविकांतच्या या मराठीची त्यानं जन्मभर टिंगल केली होती, टीव्हीवरच्या बातम्यांची मराठी म्हणून. आज तीच त्यानं तोंडात घेतली होती, दुसरा अर्थ निघायला जागाच राहू नये म्हणून. आणि लगेच तो आपल्या मराठीत परतला.

"आमची माडी दसऱ्यापासून रिकामी आहे. अंबुजा रोज भांडते, भाडेकरू आण. मी आणलों नाहीं."

रविकांत चार पावलं खाली उतरून आला. "मग बोलला का नाहीस?"

जयतीर्थ खडकावर बसला. बाटलीतलं पाणी प्यायला, बाटली शेजारी टेकलेल्या रविकांतपुढं केली.

"माणूस आपल्या गांवास जातो. त्यास जाऊं नको असें कोणत्या तोंडानें म्हणावें? आमचीं माणसें त्या देशांतून आलीं, त्यांस परत या म्हणून कोणी कधीं बोलावलें नाहीं. तुज तुझा गांव बोलावतो असें वाटलें मज. मज चांगलें वाटलें, आणि वाईटही वाटलें. म्हणून सरि म्हणलों."

वरून कुणीतरी शिट्टी वाजवली. देवळापाशी जीप उभी होती आणि एक पोरगा हात हलवून त्यांना लवकर या म्हणत होता. दोघांपैकी एकही उठला नाही. रविकांतनं बाटली रिकामी केली आणि झाकण फिरवत बसला.

"अलकनंदा काय म्हणेल माहितीये?" तो शेवटी म्हणाला. "म्हणेल, वर्षभर मी घसा कोरडा केला तेव्हा कान कुठं होते? आणि जयतीर्थभाऊजींच्या बुटाची नाडी सुटली, तर लगेच बांधलेलं सामान सोडायला निघालात?"

जयतीर्थनं थोडा विचार केला. गुडघ्यांवर हात टेकून उठला, पँट झटकली.

"नाडीचें तिला सांगूं नको," तो म्हणाला.