दोन हद्दींमधला पूल

मित्रांनो, मी एक जुना पूल आहे. म्हाताऱ्याने शांत असावं म्हणतात. मी शांत नाही. मला राग आला आहे आणि तो का आला, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझ्याआधी इथे नदीला नुसता उतार होता. उन्हाळ्यात बैलगाड्या पाण्यातूनच जात आणि पावसाळ्यात नावाडी माणसं पलीकडे नेई. पूर आला की दोन्ही काठ एकमेकांना परके होत. मग दोन्ही काठांच्या पाथरवटांनी मिळून मला उभं केलं. माझ्यावरून आधी बैलगाड्या गेल्या, मग सायकली, टपालाची मोटार, बस आणि शेवटी खडीने भरलेले ट्रक. मी कधी कुरकुरलो नाही. "दगडाचा आहे, पण माणसासारखा राबतो," असं लोक म्हणत आणि मी फुशारून जाई.

पुढे कोणीतरी नकाशावर रेघ ओढली. अलीकडचा काठ एका जिल्ह्यात गेला, पलीकडचा दुसऱ्यात. रेघ नेमकी माझ्या मधल्या कमानीवरून गेली आणि मी कोणाचाच उरलो नाही.

एका ट्रकने तिथला कठडा पाडला. बसच्या ड्रायव्हरला शाळेची पोरं बसमामा म्हणत. त्याने दोन्ही कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे दोन्हीकडचे साहेब टेप घेऊन आले.

"कठडा तुमच्या बाजूचा पडलाय," अलीकडचे म्हणाले.

"पण ट्रक तुमच्याकडचा होता!" पलीकडचे म्हणाले.

चहा पिऊन दोघेही गेले. जाताना खिंडारापुढे एक दोरी बांधून गेले. दोरी! जणू मी कपडे वाळत घालायला उभा होतो.

पावसाळ्यात पलीकडे एक बाई बाळंतपणात अडली. अलीकडची नर्सताई सायकलवरून घाईने निघाली. समोरून ट्रक आला, ती बाजूला झाली, चाक घसरलं आणि दोरी तुटली. मला हात नाहीत, मित्रांनो. कठडा हेच माझे हात होते.

ती अलीकडच्या काठाला सापडली, पण जिवंत नाही. आणि पुन्हा टेप निघाली.

"पडली तुमच्या हद्दीत."

"सापडली तुमच्या हद्दीत."

तिची आई तिथेच उभी होती. लोकांचे कपडे शिवून तिने या लेकीला शिकवलं होतं. तिने साहेबांच्या हातातली टेप हिसकावली. "माझी लेक गेली आणि तुम्ही कापड बेतताय?"

दुसऱ्या दिवशी बसमामाने बस माझ्यावर आडवी लावली, किल्ली खिशात घातली आणि तो खाली बसला. नर्सताईची आई त्याच्या शेजारी येऊन बसली. मग प्रवासीही उतरले. दोन्हीकडे ट्रकांच्या रांगा लागल्या. एरवी उंबरे झिजवल्याशिवाय न येणारे साहेब धावत आले.

"बस हलव! हा आमचा रस्ता आहे!"

"आमच्या हद्दीत गाडी आडवी लावतोस?"

बसमामा उठलासुद्धा नाही. "कालपर्यंत हा पूल बेवारस होता, साहेब. आज एकदम दोन-दोन बाप कुठून उगवले?"

लोक हसले, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. जागचं कोणी हललं नाही. दुपारी दोन्हीकडून गवंडी आले आणि कठड्याचं काम सुरू झालं. तेव्हाच बस हलली.

पुढे बसमामाची नोकरी गेली. त्याला काढायला मात्र दोन्ही कचेऱ्यांचं चटकन एकमत झालं.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले काही जण साहेब होतील. मोडलेलं काही दिसलं तर आधी ते नीट करा. ते कोणाचं, यावर नंतर हवं तेवढं भांडा.

तिची आई शिवलेले कपडे घेऊन अजून माझ्यावरून पलीकडे जाते. नव्या कठड्याला ती हात लावत नाही.