मोडक्या पायाचा पूल

मी पूल बोलतोय. हातभर लांबीचा, बांबूच्या कामट्या खळीनं चिकटवून उभा केलेला. परभणीजवळच्या पिंगळी स्टेशनापासून दोन कोसांवरच्या एका गावात, कमलबाईंच्या महालक्ष्म्यांपुढच्या देखाव्यात मी मांडला जात असे.

मला घडवलं चंद्रभाननं. तो रेल्वेत गँगमन होता, राहायला नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत. पुलाला कुठं किती टेकू लागतो, हे त्याच्या हातांना ठाऊक होतं. मला ओसरीवर ठेवून तो बाहेरूनच परत जाई. माझ्यावरून धावणारी चावीची गाडी त्यानं कधी पाहिली नाही.

बाकीचा देखावा कमलबाईंचा. चिखलात बुडवलेल्या गोणपाटाचे डोंगर, कापसाच्या पऱ्हाट्यांची झाडं, रंगवलेल्या भुशाची शेतं. त्यांनी आपलंच गाव हुबेहूब मांडलं होतं. वेस, पार, नाला, पलीकडं काडेपेट्यांची वस्ती. खऱ्या पुलावरून बैलगाड्या जायच्या, माझ्यावरून आगगाडी, एवढंच काय ते खोटं.

देवी उठेपर्यंत देखाव्यातली काडीही हलवायची नाही, हा त्या घरचा नेम. तिसऱ्या दिवशी विसर्जन होऊन देवी उठल्या की चंद्रभान मला न्यायला येई आणि वर्षभर जपून ठेवी.

अठ्ठ्याहत्तर साल. विद्यापीठाच्या नामांतरावरून आषाढापासून मराठवाडा धुमसत होता. भादव्यात महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी बायका-पोरं दर्शनाला आली. सगळे गाडीकडं बघत होते. मग गावचे पुढारी आबासाहेब चार माणसं घेऊन आले. त्यांनी गाडीकडं पाहिलंच नाही. त्यांची नजर माझ्यावर होती.

"काय झ्याक मांडलंय कमलबाईनं! गाव वरून बघितल्यावानी दिसायलंय," आबासाहेब म्हणाले. मग आवाज खाली आला. "वस्तीतून निघायला ह्यो एकच पूल. इथं चारजण उभे केले की बस. उद्या सांजेला, जेवणं उरकली की."

त्यांचं बोट माझ्या पाठीवर टेकलं होतं. कमलबाईंचे मालक बन्सीधर शेजारीच सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला, पुन्हा चालू झाला. मान काही वर झाली नाही.

कमलबाई पडद्याआड फुलवाती वळत होत्या.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. वाढता वाढता त्या माझ्यापाशी आल्या, देवींना हात जोडले आणि कट्‌कन माझा एक पाय मोडला. मला पदराखाली घेऊन त्या निघाल्या. खऱ्या पुलावर आबासाहेबांचा पुतण्या सूर्यभान बसला होता.

"काकू, भरल्या सणाचं कुठं निघाल्या?"

"पूल मोडलाय रे, गाडी पडायलीय. ज्यानं केलाय त्योच नीट करील."

"आजच? उद्या न्या की."

"देवीपुढचं काम हाय, सूर्यभान. तू अडवतूस का?"

तो चाचरला. "न्हाई, तसं न्हाई. पर लवकर या."

चंद्रभान दारात दाढी करत होता. मला पाहताच त्याचा वस्तरा थांबला.

"बाई, देवी उठल्या न्हाईत अन् पूल उठला?"

"होय भाऊ. तुमीबी उठा. सांजच्या आत, समदे. पुलाकडं फिरकू नका."

त्यानं तोंडावरचा साबण पुसला आणि घरोघर सांगत सुटला. वस्तीतली माणसं मागच्या बाजूनं, वाट नसलेल्या कापसाच्या रानातून वाकून पिंगळीच्या दिशेनं निघाली. मी चंद्रभानच्या गठुड्यात होतो. बऱ्याच वेळानं त्यानं मागं वळून पाहिलं. वस्तीवर धूर होता. घरांत माणूस एकही नव्हता.

त्यानंतर सोळा वर्षं मी परभणीत, त्याच्या खोलीच्या फळीवर आहे. मोडका पाय त्यानं बसवला नाही. कोणी विचारलं तर म्हणे, "नीट केला तर परत न्यावा लागंल."

यंदा जानेवारीत नामांतर झालं. खोलीत पेढे वाटले गेले. पाठोपाठ कमलबाईंचा निरोप आला, "नाल्यावरची जागा मी अजून मोकळीच ठेवते, भाऊ. यंदा भादव्यात आत या, अन् पूल सवताच्या हातानं ठेवा."

काल त्यानं नवी कामटी तासून माझ्या पायाला लावली. खळ अजून ओली आहे. मला जायचंय, त्याला एकदा ती गाडी दाखवायचीय. पण बाबांनो, तुम्ही दर्शनाला याल तेव्हा गाडीकडंच बघा. कोणी नुसतं माझ्याकडं टक लावून पाहिलं, की हा नवा पायही थरथरतो.