मधला दिवा

"बाई, ही भिंत दीड हाताची हाय. हिच्यातून तुमचं वाय-फाय जाईन तरी कसं?"

रहेमतुल्लानं बोटाच्या पेरानं भिंत ठोकून दाखवली. स्टुलावर बसलेल्या शैलजाबाईंनी चष्मा वर केला. गणिताच्या बाई त्या, कारण कळल्याशिवाय मान हलवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"पण शंतनु म्हणाला होता ना, मोरीतलं बटण दाबलं की त्याच्या मोबाइलवर निरोप जाईल म्हणून?"

"निरोप जाईन, पण पहिले राउटरपर्यंत तर पोचला पाह्यजे. राउटर तुमच्या बैठकीत, मोरी पार मागं. अन् वाय-फायचं बटण सेल लय खाते. पंधरा दिवसांत मुकं झालं का नाई?"

झालं होतं. बाई मागच्या पावसाळ्यात मोरीत घसरल्या आणि तासभर तशाच पडून राहिल्या. तेव्हापासून बंगळूरला असलेल्या मुलाच्या जिवाला घोर लागला होता. बाई नांदुऱ्याचं घर सोडायला तयार नाहीत आणि त्याला नोकरी सोडता येत नाही. मग त्यानं बटण पाठवलं. ते मुकं झालं, तेव्हा रहेमतुल्लाला बोलावणं गेलं.

रहेमतुल्ला मूळचा मोटारी भरणारा. तीस वर्षं पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या जळक्या मोटारींत त्यानं तांब्याची तार भरली. पण गुलाबी बोंडअळीनं लागोपाठ कापूस खाल्ला आणि लोक जळकी मोटार विहिरीवरच झाकून ठेवू लागले. दुकानात माशी उडेना. तेव्हा त्याच्या मुलीनं, झेबानं, सत्तावन्न वर्षांच्या बापाला समोर बसवून हे नवं काम शिकवलं. कोणतं यंत्र वाय-फायवर चालतं, कोणतं ब्लूटूथवर, कोणतं झिगबीवर, आणि एकाचं दुसऱ्याशी का जमत नाही, हे सगळं त्यानं वहीत उर्दूत उतरवून घेतलं. त्याच झेबाला दहावीचं गणित शैलजाबाईंनी एक पैसा न घेता शिकवलं होतं. त्यामुळे या घरातलं काम त्याला मजुरीचं वाटतच नव्हतं.

"मंग आता हे झिगबी काय करते?" बाईही त्याच्याशी बोलताना त्याच्यासारख्याच बोलायच्या.

"आता पाहा. वाय-फाय म्हणजे बांधावर उभा राहून एकटाच बोंबलणारा माणूस. घसा लवकर बसते. झिगबी म्हणजे कापूस वेचणाऱ्या बाया. ओळीनं असतात. या टोकाची त्या टोकाच्या बाईले हाका नाई मारत. बाजूचीले सांगते, ते पुढचीले सांगते. तुमचं बटण मधल्या खोलीतल्या दिव्याले सांगीन, दिवा बैठकीत राउटरजवळ लावलेल्या या नव्या डबीले सांगीन, डबी शंतनुबाबूले."

"आणि मधली बाई पाणी प्यायला गेली तर?"

रहेमतुल्ला खूश झाला. चांगला विद्यार्थी भेटला की मास्तर होतो तसा.

"हाच सवाल पाह्यजे होता! ते गेली का निरोप तिथंच रायते. म्हणून मधल्या खोलीचा दिवा मोबाइलवरून विझवायचा. भिंतीवरचं बटण बंद करायचं नाई. कधीच नाई."

"मेली माझी सवय, खोलीतून निघाले की हात आपोआप बटणावर जातो. जित्याची खोड, भाऊ."

"उद्या त्याच्यावर चिकटपट्टी लावून देतो. आज संपली. तवरिक याद ठेवा."

मग परीक्षा झाली. बाईंनी मोरीत जाऊन जमिनीपासून हातभर उंचीवर बसवलेलं बटण दाबलं. पडलेल्या माणसाचा हात पोचला पाहिजे म्हणून ते तिथं. त्या बैठकीत येतात न येतात तोच फोन वाजला.

"आई! काय झालं? पडलीस का?"

"काही नाही रे. रहेमतुल्लाभाई तपासून राह्यले." बाई हसू दाबत म्हणाल्या, "पण एवढ्या लवकर तर तू कधी फोन केला नव्हतास!"

पलीकडे शंतनु हसला. त्यानं मोबाइलमध्ये त्या निरोपाला मराठी शब्द घालून ठेवले होते आणि ते मोबाइलमधला बायकी आवाज मोठ्यानं वाचायचा: आई बोलावतेय.

बाईंनी चहा केला. बाई हुशार होत्या, त्या दिवसापासून मधल्या खोलीच्या बटणाला त्यांनी बोट लावलं नाही. सांगायला जड जातं, पण झालं ते असं. रहेमतुल्ला हत्यारांची पिशवी उचलून निघाला. गिऱ्हाइकाच्या घरून निघताना दिवा फुकट जळत ठेवायचा नाही, हा त्याच्या अब्बांनी घालून दिलेला नेम. तीस वर्षांत तो चुकला नव्हता. मधल्या खोलीतून जाताना दिवा जळत होता. त्याचा अंगठा बटणावर गेला, दिवा विझला, आणि डोक्यात झेबाच्या बाळंतपणाच्या तारखेचा विचार घेऊन तो सायकलवर बसला.

दुसऱ्या दिवशी झेबाला दिवस भरायच्या आधीच खामगावला न्यावं लागलं. चिकटपट्टी राहून गेली. विझलेला दिवा मोबाइलवरूनच विझवलाय असं बाईंनी धरलं आणि बटणाला हात न लावता त्या अंधारातूनच ये-जा करत राहिल्या.

चौथ्या दिवशी दूध घालणारी चांगुणा सकाळपासून दोनदा हाका मारून गेली. तिसऱ्यांदा तिनं शेजारी बोलावले, दार तोडलं. बाई मोरीत होत्या. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बराच वेळ जिवंत असाव्यात. बटण भिंतीवरून उपटून त्यांच्या मुठीत आलं होतं.

तेरवी झाल्यावर शंतनुनं रहेमतुल्लाला बोलावलं. घर बंद करायचं होतं, यंत्रं काढायची होती. बैठकीत तो एकटाच बसला होता, दाढी वाढलेली.

"चाचा, ॲपमध्ये मधला दिवा यंत्रं बसवली त्या बुधवारपासून संपर्कात नाही असं दाखवत होता. मी पाहिलं. मला वाटलं, लाइन गेली असेल. आईनंच बंद केला असणार. आयुष्यभर तेच केलं तिनं. किती सांगितलं असेल तुम्ही! एवढी शिकलेली बाई, पण ऐकेल तर शपथ. तिच्या हट्टानंच गेली ती."

रहेमतुल्ला मधल्या खोलीत गेला. बाई रोज फडकं मारायच्या, सगळी बटणं पांढरी स्वच्छ होती. या एकावर मात्र मोटारीला लावतात त्या वार्निशचा काळा ठसा होता, अंगठ्याचा. यंत्रं बसवायला आला त्या दिवशी सकाळी त्यानं वर्षातली एकुलती एक मोटार भरली होती. याद ठेवायची म्हणून बाईंनी हे बटण पुसलंसुद्धा नव्हतं.

गप्प बसलो तर कोणालाच कळणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. गावात त्याच्या हाती आता एवढंच एक काम होतं, आणि घरी झेबाचं लेकरू पंधरा दिवसांचं. पण गेलेल्या बाईच्या नावावर तिनं न केलेली चूक लिहिली जात होती.

"शंतनुबाबू, इकडे या."

तो आला.

"तुमच्या आईनं नाई बंद केला. त्या समजल्या होत्या. मले विचारलं बी होतं, मधली गेली तर काय म्हणून. हे मी बंद केलं, जाता जाता." त्यानं आपला अंगठा ठशाशेजारी धरला. "पाहा. माझाच हाय. मी मारलं बाईले."

शंतनु त्या बटणाकडे बघत राहिला. रहेमतुल्ला मार खायच्या तयारीनं उभा होता. कोणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"यंत्रात तर काही बिघाड नव्हता ना?" शेवटी शंतनुनं विचारलं.

रहेमतुल्लानं भिंतीवरचं बटण चालू केलं. मधला दिवा लागला. भिंतीतल्या देवळीत ठेवलेलं ते मोरीतलं उपटलेलं बटण घेऊन तो मोरीत गेला, भिंतीवरच्या उखडलेल्या जागेशी खाली बसला आणि त्यानं दाबलं.

बाहेर शंतनुच्या हातातला मोबाइल बोलला. आई बोलावतेय.

मग मधल्या खोलीतून शंतनुचं रडणं ऐकू आलं, लहान मुलासारखं, आवाज न आवरता. रहेमतुल्ला उठू लागला.

"चाचा," तो तिथूनच म्हणाला, "अजून एकदा दाबा."

रहेमतुल्ला परत खाली बसला. अंगठा सदऱ्याला पुसला आणि दाबला.