एकही नासके फळ नव्हते

माझी थोरली बहीण फेलिस्मिना हिने आपल्या मुलाशी जी पैज लावली, ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी फोनवरून लावली. त्या वेळी मी तिच्याच स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलो होतो, म्हणून त्या पैजेचा मी एकमेव साक्षीदार आहे. माझे शिक्षण चौथ्या इयत्तेत संपले आणि त्यानंतरचे सर्व आयुष्य क्रॅनबेरी या आंबट लाल फळाच्या मळ्यात गुडघ्यांवर रांगण्यात गेले. तथापि जे घडले ते यथार्थ लिहून ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते.

अडेलिनो कॅलिफोर्नियातून इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही सर्व ऐकू येत होते.

"आई, या थँक्सगिव्हिंगला चटणी मी डब्यातली आणतो. तू आता विस्तवाजवळ जाऊ नकोस."

"कच्च्या चटणीला विस्तव कुठला लागतो रे गाढवा? तिकडं जाऊन एवढंही विसरलास?"

"ऑगस्टमध्ये हातपुसणं पेटलं होतं, ते विसरलो नाहीये."

ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला. तिच्या दृष्टीच्या मध्यभागी दोन वर्षांपासून एक काळा डाग वाढत चालला होता. समोरच्याचे कान दिसत, परंतु चेहरा दिसत नसे. यावर उपाय नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. अडेलिनोने तिला कायमचे आपल्याकडे न्यायचे ठरवले होते, आणि तिला मात्र या घरातून हलायचे नव्हते.

"बरं, मग ऐक," तो म्हणाला. "चटणी तू एकटीनं करायची. मामाचा हात लागता कामा नये. जमली, तर तुझं तिकीट फाडून टाकतो. नाही जमली, तर शनिवारी माझ्याबरोबर विमानात बसायचं."

"येताना कात्री घेऊन ये," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

या चटणीत कृती अशी फारशी नाही. कच्च्या क्रॅनबेरी आणि सालीसकट संत्री, टेबलाच्या कडेला आवळून बसवायच्या लोखंडी यंत्रातून दळायची, साखर घालायची आणि दोन दिवस थंडीत मुरू द्यायची. सर्व कसब फळे निवडण्यात आहे, कारण शिजवणे नसल्यामुळे दोनचार नासकी फळेसुद्धा संपूर्ण भांडे कडू करतात. ताईने मळ्यांच्या निवडघरात उतरत्या टेबलापाशी उभे राहून एकेचाळीस वर्षे फळे निवडली होती. घरी मात्र ती मागच्या दाराच्या पायरीवर निवडत असे. दुसऱ्या पायरीच्या फळीवर तिच्या नवऱ्याने चार बोटे उंचीची एक पट्टी ठोकून दिली होती. वरून एकेक फळ सोडायचे. चांगले फळ उसळून पट्टीपलीकडच्या परातीत पडते. नासके फळ थप् असा आवाज करते आणि तिथेच बसून राहते.

वस्तुतः या कामाला डोळे लागतच नाहीत. हे मला ठाऊक असायला हवे होते.

आता सगळीकडे मळ्यात पाणी सोडून तोडणी करतात, परंतु भिजलेले फळ टिकत नाही. म्हणून माझ्या मळ्याचा एक कोपरा मी ताईसाठी दरवर्षी कोरडा ठेवतो आणि जुन्या दातेरी पेटीने तिथली फळे खरवडून काढतो. ती फळे पाने, काड्या आणि क्वचित एखाद्या बेडकासह बादलीत भरून मी तिच्याकडे पोहोचवतो. त्या वर्षी मात्र मला धीर निघाला नाही. थँक्सगिव्हिंगचा सण गुरुवारी होता; त्या आठवड्यात सोमवारी दुपारी मी माझ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले, चष्मा लावला आणि तीन तास बसून एकेक फळ बोटांनी दाबून पाहिले. दीड वाटी नासकी फळे निघाली. ती मी खड्ड्यात पुरली. काड्या आणि पाने तेवढी पुन्हा वरून पसरली, जेणेकरून तिला संशय येऊ नये.

हे करताना माझ्या मनात प्रेमच होते. परंतु त्यात भीतीही होती, आणि ती तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी होती. माझी पत्नी जाऊन नऊ वर्षे झाली होती. कुंपणापलीकडे ताईचा दिवा लागला नाही, तर माझी संध्याकाळ कशी सरणार होती?

मंगळवारी सकाळी ती शाल गुंडाळून पायरीवर बसली. आदल्या दिवशी संध्याकाळी आलेला अडेलिनो आत खिडकीशी उभा होता. मी कुंपणाशी उगाचच तार आवळत होतो. फळे पडू लागली. टक्. टक्. टक्. प्रत्येक फळ पट्टी ओलांडून परातीत जात होते. मी मनोमन देवाचे आभार मानत होतो.

अर्धी बादली संपली, तेव्हा तिचा हात थांबला. तिने पट्टीच्या अलीकडे बोटे फिरवली. फळी रिकामी होती. तिने आणखी दहा फळे सोडली आणि पुन्हा हात फिरवला.

"तोलेंतिनो," तिने हाक मारली. "इकडं ये."

मी जवळ गेलो.

"किती काढलीस?"

"काय काढलं?"

"खोटं बोलताना तुझा आवाज पिपाणीसारखा होतो. लहानपणापासून. किती काढलीस?"

"दीड वाटी."

"मला ऐकू येत नाही, असं वाटलं तुला?"

"तसं नाही, ताई. म्हटलं, चुकून एखादं राहिलं तर..."

"एकेचाळीस वर्षं!" ती म्हणाली. "आणि तू माझ्यापुढं आजाऱ्याची पेज आणून ठेवलीस."

तिने हातातले फळ सोडले नाही, बोटांत फिरवत राहिली. नंतर तिने जे विचारले, त्याची मला अपेक्षा नव्हती.

"माझं दूध उन्हाळाभर एकदाही नासलं नाही. ते तू बदलत होतास?"

मी हातातली पक्कड उगाच उघडमीट करू लागलो.

"पिपाणी वाजव. ऐकतेय मी."

"हो," मी म्हणालो.

"मीठ-साखरेचे डबे?"

"तू जागा बदलून ठेवायचीस. मी परत लावायचो."

"आणि शेगडीची कळ?"

"दोनदाच, ताई. फक्त दोनदा उघडी राहिली होती."

तिने हातातले फळ परत बादलीत टाकले. वाऱ्याने परातीत चार पाने येऊन पडली.

"म्हणजे मी एकटी राहतच नव्हते," ती म्हणाली. "मला वाटत होतं, जमतंय."

"जमतंयच की! मी पलीकडं आहेच. कुणाला सांगायची गरज नाही. अडेलिनोनं काही पाहिलेलं नाही. मी आत्ता जाऊन उरलेली न निवडलेली फळं आणतो, तू पहिल्यापासून कर."

"आणि शेगडी? ती पण पहिल्यापासून करू?" ती माझ्या कानाच्या दिशेने पाहत किंचित हसली. "तुझे गुडघे बघ. अजून किती वर्षं माझ्या खिडकीत डोकावशील? जा आता. मला संत्री दळायचीत."

गुरुवारी टेबलावर टर्की होती, जागासिदा, म्हणजे घेवड्याचे दाणे घातलेला आमचा भात, होता आणि मध्यभागी काचेच्या भांड्यात लाल चटणी होती. अडेलिनोने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"आई, हरलो. तीच चव. अगदी तीच."

त्याने खरोखरच खिशातून तिकीट काढले आणि दोन्ही हातांत धरले. ताईने टेबलावरून चाचपत हात नेला आणि त्याचे मनगट धरले.

"फाडू नकोस."

"का गं?"

"फळं निवडलेली मिळाली होती मला. पैज मोडली."

अडेलिनोने माझ्याकडे पाहिले. त्याच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला ते सोसणे सोपे गेले असते.

"मामा?"

"त्याला काही बोलू नकोस," ताई म्हणाली. "त्यानं सहा महिने मला या घरात ठेवलं. मलाच ठाऊक नव्हतं. भात वाढ त्याला, नुसताच बसलाय."

मी भात खाल्ला. चटणीही खाल्ली. त्या चटणीत काहीच उणे नव्हते, हेच माझ्याने गिळवत नव्हते.

शनिवारी सकाळी अडेलिनो तिची पेटी गाडीत ठेवत असताना ती माझ्या बाहीला धरून उभी होती.

"नाताळला फळं पाठवशील ना?"

"पाठवीन."

"जशी असतील तशी पाठव. बेडूक निघाला तरी चालेल."

मी तशीच पाठवली. डिसेंबरच्या मध्यावर ताईच्या सुनेचे पत्र आले. तिने लिहिले होते की फळे सुखरूप पोहोचली, परंतु आमच्याकडे लाकडी पायरी नाही, आणि आई म्हणतात की फरशीवर सगळ्या फळांचा आवाज सारखाच येतो. त्या रोज थोडी टाकून पाहतात आणि परत पिशवीत भरून ठेवतात. चटणी अजून केलेली नाही.

त्याच दुपारी मी हत्यारे घेऊन ताईच्या मागच्या दारी गेलो. दुसऱ्या पायरीचे खिळे गंजलेले होते, ते हळूहळू उपसून फळी मोकळी केली. पट्टी तिच्यावर तशीच राहू दिली. फळीच्या मध्यभागी तळहाताएवढा भाग गुळगुळीत होऊन काळपट झाला होता. जुन्या घोंगडीत गुंडाळून मी ती टपाल कचेरीत नेली.

"आत काय आहे?" खिडकीवरच्या बाईने विचारले.

"पायरी," मी म्हणालो. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि "लाकूड" असे लिहून घेतले.

नाताळ होऊन गेला. अद्याप पत्र आलेले नाही. दर रविवारी मी ते रिकामे घर पाहून येतो, नळ गोठले नाहीत ना हे तपासतो, आणि शेगडीची कळ बंद आहे हे ठाऊक असूनही तिला हात लावून पाहतो. जाताना मी दुसरी पायरी आठवणीने ओलांडतो. परतताना मात्र माझा पाय दर वेळी तिथेच पडतो, जिथे आता काही नाही.