शाईच्या कारखान्यातला कोट

मी एक जुना कोट आहे, प्रयोगशाळेत घालतात तो. पांढरा होतो. छातीवरचा हा निळा डाग दिसतोय ना मित्रांनो? त्याचीच गोष्ट सांगतो.

चेन्नईला मद्रास म्हणायचे तेव्हाची. तिथल्या गिंडी भागात मालोजीरावांचा शाईचा कारखाना होता. सरकारनं सवलत काढली: कारखान्यात संशोधन करा, शास्त्रज्ञांच्या पगारावर करात सूट घ्या. तोवर 'शिकलेलं माणूस म्हणजे नसती कटकट' म्हणणाऱ्या मालोजीरावांनी आठवड्यात रसायनशास्त्राच्या डॉक्टर अलकनंदाबाईंना नेमलं. मला त्यांच्याच मापानं शिवलं. बाई कधीच न पुसली जाणारी शाई शोधत होत्या. दोन वर्षं मी त्यांच्या अंगावर सुखात होतो.

मग मालोजीरावांना हाव सुटली. एका बाईवर इतकी सूट, तर पाच जणांवर किती! करखात्याचे साहेब तपासायला येणार, त्या सकाळी त्यांनी ड्रायव्हर, दरवान आणि कारकुनाला नवे कोट चढवले. चौथा शिवून आलाच नव्हता. मग काय, मला खुंटीवरून ओढलं आणि आचारी सुब्बाच्या अंगात कोंबलं! मी हादरलोच. काखेत टर्रकन उसवलो.

"अहो, तो माझा कोट!" बाई ओरडल्या.

"तुमच्याकडे पदवीचा कागद आहे. त्याच्याकडे काय आहे, झारा?" मालोजीराव कुजबुजले. "गप्प राहा. सूट गेली तर तुमची नोकरीही गेली."

करखात्याचे गुरुमूर्ती साहेब आले, मालोजीरावांसारखेच तंजावरकडचे, मराठी बोलणारे. शेगडीवर शाई ढवळणाऱ्या बाईंना नुसत्या साडीत बघून, तिकडे घरच्या बाईला हाक मारतात तशी हाक मारत म्हणाले, "मामी, कॉफी मिळेल का?" आणि सुब्बाकडे वळून, "डॉक्टर, नवी शाई दाखवा."

सुब्बानं गरम शाई पेल्यात घेतली आणि कॉफी निववतात तशी हातभर उंचावरून वाटीत ओतली. पुन्हा पेल्यात. पुन्हा वाटीत. जन्माची सवय हो! चौथ्यांदा धार चुकली. अर्धी शाई साहेबांच्या शर्टावर, अर्धी माझ्यावर! छान निवली होती, म्हणून कुणी भाजलं नाही.

 साहेबांनी साबण लावला, लिंबू चोळलं, ताकसुद्धा ओतलं. डाग ढिम्म हलेना. तासाभरानं ते नळ बंद करून म्हणाले, "ही जातच नाही! केली कुणी?"

"कॉफी मी करतो, सार," सुब्बा रडवेला झाला. "शाई मामी करतात."

साहेबांनी यादीतल्या चार नावांवर रेघ मारली आणि लिहिलं: संशोधक एक, अस्सल. बाईंची नोकरी वाचली. पुढच्या वर्षी जास्तीची सूट हवी म्हणून मालोजीरावांना खरोखरचे दोन रसायनवाले घ्यावे लागले. मुलाखती बाईंनीच घेतल्या.

मित्रांनो, कोट धुवा, इस्त्री करा, पण कुणाच्या अंगात घालताय ते आधी बघा. माझी काख बाईंनी त्याच दिवशी शिवली. डाग मात्र तसाच आहे. तो निघाला असता, तर बाईंना शास्त्रज्ञ कुणी म्हटलं असतं?