सहा चित्रांचा तक्ता

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. वहीच्या पानाएवढा, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला. माझ्यावर सहाच चित्रे आहेत: किल्ली, खुर्ची, छत्री, पीस, हातमोजा आणि कात्री. एवढ्याशा भांडवलावर मी एका मोठ्या इस्पितळात सात वर्षे नोकरी केली.

छापखान्यातून निघालो तेव्हा वाटले होते, बालवाडीच्या भिंतीवर जाईन. नशिबाने नेले मेंदूच्या विभागात. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की माणसाचा हात लुळा पडतो, शब्द हरवतात. अशा रुग्णांवर तिथे नव्या औषधाची चाचणी चाले. नवे औषध कधी गुण देते, कधी अंगावरही उलटते. म्हणून एक सिस्टर ठरलेल्या वेळी मला रुग्णापुढे धरत आणि एकेका चित्रावर बोट ठेवून नाव विचारत. गेलेले शब्द परत आले तर बरे. आलेले पुन्हा गेले, तर धोका. यंत्रे कितीही महागडी असोत, पहिली खबर हा तक्ताच देतो, असे त्या सगळ्यांना सांगत. मी फुगून जाई. प्लॅस्टिकमध्ये फुगायला जागा नसते, तरीही.

एका सकाळी एक शिंपीकाका दाखल झाले. घरच्यांच्या संमतीने त्यांना चाचणीत घेतले आणि नवे औषध नळीतून थेंबथेंब सुरू झाले. ते दिवसभर चालायचे होते. पहिल्या खेपेला काकांनी अडखळत चार चित्रे ओळखली. शेजारी बसलेल्या त्यांच्या लेकीला वाटले, हा पेपर आहे. बाबा पास झाले की घरी सोडतील. तिच्या लग्नाचा पोशाख बाबांच्या दुकानात अर्धवट शिवून पडला होता. मग काय, सिस्टरची पाठ वळली की ती बाबांकडून घोकून घेई: किल्ली, खुर्ची, छत्री, पीस, हातमोजा, कात्री. माया वेडी असते, ती अशी.

दुपारी चारच्या खेपेला काकांनी सहाच्या सहा नावे धडाधड म्हटली. लेकीचा चेहरा उजळला, डॉक्टरांनी मान डोलावली. मी तर हवेतच होतो. सिस्टरनी मात्र पेन उघडले नाही. त्यांचे बोट अजून खुर्चीवर होते, तेव्हा काका हातमोज्यापर्यंत पोचले होते. सिस्टरनी बोट थेट कात्रीवर ठेवले. चाळीस वर्षे कात्री चालवलेले काका तिच्याकडे बघत राहिले.

"किल्ली," ते म्हणाले.

छत्रीलाही किल्ली, पिसालाही किल्ली. सकाळचे चार शब्दसुद्धा गेले होते आणि पाठांतराने ते झाकून ठेवले होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. डॉक्टरांनी तिथल्या तिथे औषध बंद केले आणि काकांना स्कॅनला नेले. मेंदूत रक्तस्राव सुरू झाला होता. पण थोडाच, वेळेत कळला होता.

लेकीने रडत सगळे सांगून टाकले. सिस्टर तिच्याजवळ बसल्या.

"ही परीक्षा नाही गं. बाबा चुकले, तरच आम्हाला कळतं त्यांना काय होतंय ते."

त्याच दिवशी त्यांनी सुरक्षा समितीला, म्हणजे चाचणीवर बाहेरून नजर ठेवणाऱ्या जाणत्या मंडळींना, सारे लिहून कळवले. चित्रे आपण दर वेळी त्याच क्रमाने विचारत होतो, ही स्वतःची चूकही त्यात लपवली नाही. समितीने नियम केला: दर खेपेला वेगळा तक्ता, वेगळा क्रम, आणि घरच्यांना आधी नीट समजावून सांगायचे. नवे तक्ते आले आणि मी खणात गेलो. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

तीन महिन्यांनी काका तपासणीला आले. लग्न पुढे ढकलले होते. पोशाख बाबांच्याच हातून पुरा व्हायचा, असा लेकीचा हट्ट होता. नव्या तक्त्यावरच्या उत्तरांची नोंद झाल्यावर सिस्टरनी खण उघडून मला काढले आणि कात्रीवर बोट ठेवले. इतक्या वर्षांच्या बोटांनी घासून तिचे एक पाते पुसट झाले आहे. काकांनी मला जवळ ओढले. लेकीने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"कात्री," ते सावकाश म्हणाले. "हिला धार लावायला हवी."

हे वाक्य त्यांच्याकडून कोणीच घोकून घेतले नव्हते. सिस्टर हसल्या. त्यांनी पेन उघडले आणि ते पुसट पाते गिरवून गडद केले.

मित्रांनो, आजारी माणसाला काही विचाराल तेव्हा उत्तर त्याच्या तोंडात घालू नका. त्याला अडखळू द्या, चुकू द्या आणि तुम्ही ऐका. आणि कधी खण आवरायला घेतलात, तर माझ्यावरची धूळही पुसा. फक्त कात्रीपाशी जपून. तिला आता धार आहे.