आजोबांचं पान

प्रमोदिनीबाई अमरावतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाल्या आणि ऑनलाइन मराठी ज्ञानकोशाच्या कामाला लागल्या. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, असा तो कोश. नव्या संपादकांना त्याची लेखनशैली शिकवायला त्या अकोल्यात कार्यशाळा घ्यायच्या.

"थोर, आदरणीय, स्वर्गीय असलं काही लिहायचं नाही," त्या सांगत. "आदर फक्त क्रियापदात. जन्मले, शिकले, वारले. आणि तो सगळ्यांना सारखा."

कार्यशाळेला आलेल्या, दवाखान्यात नर्स असलेल्या दीक्षाला हे फार आवडलं. तिचे आजोबा जानराव गिरणीत हमाल होते. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर त्यांनी वस्तीत रात्रशाळा काढली. तिथली पोरं पुढे मास्तर झाली, तलाठी झाली. दीक्षानं जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं शोधली, संदर्भ दिले आणि एक विशेषण न वापरता पान लिहिलं.

"पहिलंच पान इतकं नेटकं!" बाई म्हणाल्या. घरी गेल्यावर त्यांनी त्यावरून शेवटचा हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी दीक्षाचा फोन आला.

"मॅडम, आजोबाले 'होता' काहून केलं?"

"काय केलं?"

"मी लिवलं, 'जानराव हे हमाल होते.' तुमी केलं, 'जानराव हा हमाल होता.' खाली 'वारला' केलं."

बाईंनी पान उघडलं. बदलांच्या नोंदीसमोर त्यांचंच नाव होतं. हे आपण कधी केलं, त्यांना आठवेना.

"अगं, हातून गेलं असेल."

"तुमच्या सासऱ्यांचं पानबी तुमीच लिवलं ना? तिथं नाही गेलं हातून."

"उद्धवराव नामांकित वकील होते, दीक्षा!"

 

बाईंनी पान दुरुस्त केलं नाही. दीक्षानंच केलं. तासाभरात गौरांगनं ते पुन्हा 'होता' केलं. तो बाईंचा जुना विद्यार्थी आणि कोशाचा अनुभवी संपादक. ज्येष्ठांचा बदल चर्चेशिवाय उलटवू नये, असं त्यानं बजावलं.

दीक्षानं चर्चापानावर लिहिलं, "वकील असला तर होते, हमाल असला तर होता. हाच नियम असन तर नियमात लिहून ठेवा."

भराभर उत्तरं आली. हा सूर बरा नव्हे. इथे जात आणू नका. जात हा शब्द तिनं लिहिलाच नव्हता. क्रियापदाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. शेवटी बाईंचं मत विचारलं गेलं. त्यांनी बराच वेळ लावून एकच ओळ लिहिली, "नवीन संपादकांनी भाषा सौम्य ठेवावी."

दीक्षानं शेवटचा फोन केला. "मंग ते पानच काढून टाका, मॅडम."

"तसं करता येत नाही गं. एकदा लिहिलं की पान सगळ्यांचं होतं."

"सगळ्यांचं," दीक्षा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्यानंतर तिनं कोशात काही लिहिलं नाही. पान अजून आहे, तसंच आहे. तिच्या वडिलांना मोबाइलवर नीट दिसत नाही, पण ते अधूनमधून विचारतात, "आमच्या बाचं पान झालं का वं, दीक्षे? वाचून दाखवतो म्हणे ना?"

"नाही झालं अजून, बाबा," ती म्हणते आणि ड्युटीवर निघून जाते.